नाईनाईचा डबा अजून तुमच्याकडेच आहे

पत्र थोडक्यात असं: चीनमधल्या सुझौ शहरात राहणाऱ्या एका वाचक भगिनीनं लिहिलंय. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार. तिथे जाऊन अडीच वर्षं झाली. चिनी नववर्षाच्या पहिल्या सुट्टीत ही मंडळी थायलंडला गेली. दुसऱ्या वर्षी घरीच राहिली आणि सगळं शहर बंद असल्यानं कंटाळली. यंदा मुलीच्या मैत्रिणीच्या आजीनं त्यांना गावाकडच्या जुन्या घरी बोलावलंय, १६ फेब्रुवारी २०२६ला, चिनी वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या जेवणाला, मुक्कामासकट. ही आजी खालच्याच मजल्यावर राहते, बिल्डिंगमधली सगळी मुलं तिला नाईनाई म्हणतात. "तुमच्यासाठी दोन रजया उन्हात घालते," असंही ती म्हणाली. मुलगी हट्टाला पेटली आहे. नवऱ्याला सानयाच्या समुद्रकिनाऱ्यावर जायचंय. घर शाकाहारी, लेखिका स्वतः अंडं खाते, तेही बाहेर. सासूबाई तीन महिन्यांसाठी रत्नागिरीहून आल्यात. त्या रात्री जेवणाआधी पूर्वजांना पानं वाढतात हे कळल्यापासून त्यांचं एकच पालुपद आहे, "दुसऱ्यांच्या पितरांचं आपण का जेवायचं?" मुलांना पैसे द्यायच्या लाल पाकिटात किती घालायचे, काय न्यायचं, हे प्रश्न आहेतच. शिवाय दिवाळीनंतर मुलगी बोलून गेलेलं एक वाक्य लेखिकेला अजून टोचतंय: "आपली दिवाळी एका संध्याकाळी संपते, यांचा सण खरा." शेवटी त्या विचारतात, "मुलांना इथल्या सणाचा अनुभव मिळावा असंही वाटतं, आणि त्यात आपलं काही हरवेल अशी भीतीही वाटते. काय करू?"

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. त्यात एक वाक्य तुम्ही कंसात लिहिलंय, जाता जाता. गेल्या एप्रिलमध्ये नाईनाईनं निळ्या झाकणाच्या काचेच्या डब्यातून हिरव्या उकडीच्या मोदकांसारखं काहीतरी पाठवलं होतं. आत डुकराची चरबी असेल या शंकेनं तुम्ही ते गेटवरच्या वॉचमनला देऊन टाकलंत, आणि डबा "अजून ओट्याखालच्या कपाटात आहे, परत द्यायचा राहिलाच."

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या कपाटात आहे. पण त्याकडे नंतर येऊ.

आधी तुमची शंका. ते छिंगथ्वान होते. छिंगमिंगच्या, म्हणजे पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करायच्या सणाच्या दिवसांत तुमच्या भागात घरोघरी होतात. चिकट तांदळाच्या पिठाला पाल्याचा हिरवा रस, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण. त्या पुरणात चरबीचा गोळा घालायची जुनी रीत आहे, त्यामुळे तुमची शंका अगदीच वावगी नव्हती. वॉचमनला दिलंत यातही काही चूक नाही. चुकलं इतकंच, की नाईनाईला त्यातलं काहीच कळलं नाही. तुम्ही शाकाहारी आहात हे तिला आजही ठाऊक आहे की नाही, हे तुमच्या पत्रातून मला कळलं नाही. कदाचित तुम्हालाही नक्की ठाऊक नसेल.

आता "अनुभव" या शब्दाबद्दल. तो तुमच्या पत्रात सात वेळा आलाय (मी मोजले, या वयात एवढाच उद्योग उरतो). शांघायच्या यूयुआन बागेतली कंदिलांची आरास पाहिली, सुझौच्या फिंगच्यांग रस्त्यावर लाल कंदिलांखाली फोटो काढले, मुलीला रेशमी चिनी पोशाख भाड्यानं आणून घातला, आणि तरी "खरा अनुभव" काही आला नाही, असं तुम्ही लिहिता. येणार कसा? आपल्याकडे गणपतीत एखादं परदेशी जोडपं रस्त्यावरून मिरवणूक बघत असतं. त्यांना ढोल ऐकू येतो, गुलाल दिसतो. पण ज्याला कुणी "आत या, आरतीला उभे राहा, जेवूनच जा" म्हणतं, त्याचा गणपती वेगळाच होतो. त्याला निरांजन हातात धरावं लागतं, टाळ्यांचा ठेका चुकतो, मोदक चौथा की पाचवा यावरून आग्रह सोसावा लागतो. थोडी फजिती होते. तुम्हाला आता तसं आत बोलावणं आलंय आणि फजितीची धास्ती वाटतेय, एवढंच मला दिसतं.

बोलावणं खरं की तोंडदेखलं, हाही तुमचा प्रश्न आहे. चिनी लोक सौजन्यापोटी "या हं कधी घरी" पुष्कळदा म्हणतात, जसं आपण जिन्यात भेटलेल्या कुणालाही म्हणतो. पण न्येन-ये-फान, वर्षाच्या शेवटच्या रात्रीचं जेवण, हे घरच्यांचं जेवण असतं. त्याला पुनर्मीलनाचं जेवणच म्हणतात. त्या एका पंगतीसाठी लोक हजार-दोन हजार किलोमीटर रेल्वेनं उभ्यानंही जातात. या दिवसांत चाळीस दिवस प्रवासाची जी लाट असते ती तुम्ही स्टेशनवर पाहिली असेलच. अशा ताटावर कुणी परक्याला उगाच बोलावत नाही. आणि तारीख सांगून, रजया उन्हात घालायचं बोलून जी बाई बोलावते, तिचं बोलावणं खरंच असतं. रजया उन्हात घालणं काय असतं ते सुझौच्या फेब्रुवारीत राहिलेल्या माणसाला सांगायला नको. चार दिवसांतून एकदा ऊन पडतं.

मी स्वतः २००९ ते २०१३ शांघायमध्ये होते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. पहिल्याच वर्षी त्याच्या एका सहकाऱ्याच्या आईनं आम्हाला जेवायला बोलावलं. लाल पाकिटाचं ऐकलं होतं, पण ते दुकानातून आणायचं राहिलं. म्हटलं, पैसे महत्त्वाचे, पाकीट काय. ऑफिसचं पांढरं पाकीट घेतलं, त्यात शंभराची नोट घातली, आणि आपल्या आईच्या शिकवणीप्रमाणे शुभ म्हणून वर एक युआन. एकशे एक. नातवाच्या हातात दिलं. आजींनी ते दोन्ही हातांनी त्याच्याकडून घेतलं, हसल्या, आणि ते हसू एकदम मधेच थांबलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मुलीनं सांगितलं, पांढरं पाकीट आणि वर एक सुटा, असं मयताच्या घरी देतात. शुभकार्याला रक्कम सम हवी, जोडी हवी. आपल्याकडे नेमकं उलटं! संध्याकाळी लाल पाकीट घेऊन पुन्हा त्यांच्या दारात. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. त्यानंतर चार वर्षं त्या दर सणाला मला "एकशे एक" म्हणूनच हाक मारायच्या. त्या घराशी आमचं जे काही जुळलं, ते त्या चुकीमुळेच जुळलं असं मला आजही वाटतं.

तेव्हा पाकिटाचं सांगते. लाल पाकीट, कोऱ्या नोटा, सम आकडा. चारचा आकडा टाळा, त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दाजवळ जातो. सहा आणि आठ आवडते. अडीचशे तर अजिबात नको. "दोनशे पन्नास" ही तिकडे मठ्ठ माणसाला द्यायची शिवी आहे. तुमच्या दोन्ही मुलांना पाकिटं मिळतील हे धरून चाला, आणि त्यांच्या नातीला तुम्ही द्या. किती, हे मी मुंबईत बसून सांगण्यात अर्थ नाही, तो भाव गावागणिक वेगळा असतो. दक्षिणेतल्या ग्वांगतुंग प्रांताकडे अगदी छोट्या रकमा चालतात, तुमच्या यांगत्से नदीच्या मुखाकडच्या भागात आकडे बरेच चढे असतात. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एखाद्या स्थानिक सहकाऱ्याला सरळ विचारा, "शेजाऱ्यांच्या एका नातीला किती देतात?" अशा प्रश्नाचा कुणाला राग येत नाही, उलट लोक रंगून सांगतात. तुमची मुलं दोन आणि त्यांची नात एकटी, म्हणजे त्यांच्याकडून दोन पाकिटं येणार. हिशेब जुळवायचा असेल तर तिच्या एका पाकिटात थोडे जास्त घाला. आपण लग्नाच्या आहेराच्या वह्या ठेवणारी माणसं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. मुलांना एवढं मात्र बजावा: दोन्ही हातांनी घ्यायचं, आणि समोर उघडायचं नाही. तुमचा धाकटा उघडणार, मला माहीत आहे. उघडू दे.

आता सासूबाई. त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेऊ नका. परदेशात नातवंडांकडे आलेल्या बाईला घरात फारशी सत्ता नसते. पानात काय पडणार एवढ्यावरच तिचा शब्द चालतो. पण त्या रत्नागिरीच्या आहेत म्हणून एक विचारावंसं वाटतं. कोकणात सणावाराला पितरांसाठी वाडी काढून ठेवतात, त्यांच्या घरी ठेवत नसत का? आधी त्यांचं पान, मग घरच्यांचं. आणि त्या दिवशी दारात आलेला पाहुणा जेवल्याशिवाय जात नसे. नाईनाईच्या घरी साधारण तसंच होईल. टेबलावर पदार्थ मांडतील, पूर्वजांसाठी वाट्या आणि चॉपस्टिक ठेवतील, उदबत्ती लावतील, कदाचित कागदी पैसे जाळतील, थोडा वेळ थांबतील. मग ते ताट घरच्यांचं. तुम्हाला कुणी त्यांच्या पूर्वजांपुढे डोकं टेकायला सांगणार नाही, तो अधिकार त्यांच्या वंशाचा. बाजूला शांत उभं राहायचं. हात जोडावेसे वाटले तर जोडायचे. सासूबाईंना हे असं समजावून पाहा, पण वकिली करू नका. त्यांना विचारा, तुमच्याकडे वाडीत काय काय असायचं? त्यावर त्या तासभर बोलतील, आणि त्यानंतर "का जायचं" हा प्रश्न तितका धारदार राहणार नाही. राहिलाच, तर त्यांना घरी राहायचा हक्क आहे. मग नवरा किंवा तुम्ही, कुणीतरी एक जण त्यांच्यासोबत थांबा आणि दुसऱ्यानं मुलांना घेऊन जा. सगळ्या घरानं एकाच फोटोत दिसायला हवं असं कुठे लिहिलंय?

खाण्याचा प्रश्न तुम्ही समजता त्याहून सोपाही आहे आणि अवघडही. सोपा अशासाठी, की शाकाहार ही चिनी माणसाला नवलाची गोष्ट नाही. "वो छ्र सू", मी शाकाहारी आहे, एवढं म्हटलं की म्हाताऱ्या बायकांना लगेच बुद्धमंदिरातलं जेवण आठवतं. नववर्षाच्या पहिल्या दिवशी मुद्दाम शाकाहार पाळणारी घरंही पुष्कळ आहेत. "छ्र सू"चा मंदिरातला कडक अर्थ तर कांदा-लसूणही नाही, असा आहे. सासूबाईंना हे सांगा, त्यांचा त्या देशाबद्दलचा ग्रह एका वाक्यात बदलेल. आणि त्या रात्रीच्या शुभ पदार्थांतले काही मुळातच भाज्यांचे असतात. तुमच्या भागात सोयाबीनच्या मोडांना इच्छापूर्तीची भाजी म्हणतात, कारण मोडाचा आकार रूई नावाच्या शुभ दंडासारखा दिसतो. काही घरांत भाताच्या तळाशी पाण्यात वाढणारा एक कंद पुरून ठेवतात, आपल्या शिंगाड्याचा चुलतभाऊ वाटावा असा, आणि ज्यानं त्यानं तो उकरून काढायचा, सोन्याची लगड सापडली म्हणून. तुमचा मुलगा त्या रात्रीतलं दुसरं काही लक्षात ठेवणार नाही, हे नक्की ठेवेल.

अवघड अशासाठी, की चरबी, चिकन पावडर, ऑइस्टर सॉस आणि मांसाचं पाणी हे तिथे "मांस" या सदरात मोजलंच जात नाही. कोबीत खिमा चिमूटभर असला तर ती भाजी कोबीचीच. म्हणून "आम्ही मांस खात नाही" एवढं सांगून भागणार नाही. ही यादी चिनी अक्षरांत फोनवर लिहून ठेवा, मुलीच्या मैत्रिणीच्या आईकडून तपासून घ्या, आणि आठ दिवस आधी नाईनाईला दाखवा. टेबलावर बसल्यावर सांगणं म्हणजे बिचारीला तिच्याच घरात तोंडघशी पाडणं. सोबत तुमचा एक मोठा पदार्थ न्या, सगळ्यांना पुरेल इतका. नुसतं "आमच्यापुरतं" काही नेऊ नका, त्यात शिवाशिवीचा वास येतो. मसालेभात न्या, वर काजू. आणि गोडाचं म्हणाल तर जिलबी-गुलाबजाम नकोत. तिकडे गोडाची सगळ्यांत मोठी तारीफ म्हणजे "फार गोड नाहीये." चकली, चिवडा, खारी शंकरपाळी यांचा फडशा पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

टेबलाच्या मध्यावर अख्खा मासा असेलच. तो पूर्ण संपवत नाहीत. मासा आणि शिल्लक या दोन शब्दांचा उच्चार एकच, म्हणून वर्षाकाठी काही शिल्लक राहो अशी इच्छा. सासूबाई मत्स्याहारी असत्या तर काम सोपं होतं, रत्नागिरीच्या असून शाकाहारी म्हणजे नशीबच म्हणायचं. त्यांची खुर्ची माशापासून दूर मांडायला सांगा, इतकं पुरे. नवऱ्याला पेला भरून आग्रह होईल. त्यानं चहाचा कप उचलावा. "दारूऐवजी चहा" हा तिकडचा रुळलेला वाक्प्रचार आहे, कुणी वाईट वाटून घेत नाही. कप टेकवताना आपला काठ वडीलधाऱ्यांच्या कपाच्या काठाखाली ठेवायचा. एवढं केलं तर नाईनाईचा मुलगा तुमच्या नवऱ्याला भाऊ मानेल.

बाकी सटरफटर. यांगत्सेच्या दक्षिणेकडच्या जुन्या घरांत हीटिंग नसतं, रात्री पारा शून्याजवळ जातो. सासूबाईंसाठी गरम पाण्याची पिशवी, लोकरी मोजे आणि दोन थर आतून. घरात येता-जाता गरम पाणी मात्र मिळेल, त्याबाबतीत तो देश आपल्या सगळ्या सासूबाईंचं माहेर आहे. वर्षाच्या पहिल्या दिवशी केर काढत नाहीत, लक्ष्मी बाहेर जाते म्हणून. तेव्हा मदतीच्या उत्साहात झाडू हातात घेऊ नका. धाकट्याच्या हातून वाटी फुटलीच तर "स्वै स्वै फिंग-आन" म्हणायला त्याला शिकवा. फुटणं आणि वर्ष यांचे उच्चार एक, म्हणून "वर्षानुवर्षं सुखरूप" असा त्याचा अर्थ होतो, आणि वाटी माफ होते. रात्री परतायचा बेत नको. त्या रात्री टॅक्सी मिळणं मुश्कील. १५ ते २३ फेब्रुवारी नऊ दिवस सुट्टी दिसते खरी, पण त्याची भरपाई म्हणून १४ आणि २८ तारखेचे शनिवार कामाचे आहेत, तेव्हा निघायची घाई १४ला जमणार नाही. १५ला आपली महाशिवरात्र आहे. उपास करून दुसऱ्या दिवशी अशा जेवणाला बसायचं म्हणजे सासूबाईंना शाकाहाराचं आणखी एक कारण मिळालं, ते खुशाल वापरा.

आणि सानया? नवऱ्याचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. वर्षभर कारखान्यात राबलेल्या माणसाला वाळूत पडून राहावंसं वाटतं. पण या आठवड्यात अर्धा देश तिथेच जातो, विमानं आणि हॉटेलं वर्षातली सगळ्यांत महाग. मार्चमध्ये तेच पाणी, तीच वाळू, आणि माणसं कमी. हे त्याला पैशांच्या भाषेत सांगा, इंजिनिअर आहे, पटेल. त्याला सणावारी लोकांत मिसळायचाच मनापासून कंटाळा असेल तर मात्र ओढून नेऊ नका. तोंड पाडून बसलेला पाहुणा यजमानाला जड जातो.

आता तुमच्या लेकीचं वाक्य. ते तुम्हाला लागलं, कारण ते काहीसं खरं आहे. तुमची दिवाळी कशी होते ते तुम्हीच लिहिलंय: जवळच्या शनिवारी हॉटेलचा हॉल, शंभर भारतीय, बॉलिवूड नाच, बुफे, आणि रविवारी मुलीचा गृहपाठ. तिथे ती फक्त प्रेक्षक असते. चुनज्येला, म्हणजे चिनी नववर्षाला, मात्र तिनं नाईनाईच्या दारावर सुखाचं "फू" अक्षर उलटं चिकटवलं. उलटं आणि आलं या दोन शब्दांचा उच्चार सारखा, म्हणजे सुख आलं. मैत्रिणीबरोबर पिठाचे गोळे वळले. नऊ वर्षांच्या पोरीला जिथे हात लावायला मिळतो तो सण खरा वाटतो. तिनं दिवाळीला नाव ठेवलं असं मला वाटत नाही. तुमच्या घरी तिच्या हाताला काम नाही, एवढंच ती म्हणतेय. पणत्या रंगवायला, चकलीचा सोऱ्या दाबायला, किल्ला करायला तिला कधी बसवलंत? सुझौत माती मिळत नाही असं सांगू नका, तळ्याकाठी राहता.

आणि एक धास्ती मनातून काढून टाका, की मुलगी तिकडे रमली तर इकडची राहणार नाही. तिच्यासोबत कालनिर्णय घेऊन बसा आणि चिनी तारखा लावून बघा. त्यांचंही वर्ष चंद्राचंच, महिना अमावास्येला बदलतो, आणि ताळमेळ बसवायला त्यांच्यातही अधिक महिना येतो. गेल्या वर्षी त्यांचा सहावा महिना दोनदा आला, यंदा आपला ज्येष्ठ अधिक आहे. १७ फेब्रुवारीची अमावास्या, तीच त्यांची पहिली तारीख. पंधराव्या दिवशी, ३ मार्चला, कंदिलांचा सण. ती पौर्णिमा कुठली ते तिलाच शोधू दे. होळीची! एकाच चंद्राखाली नाईनाईकडे थांग-युआन, म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचे गोळे, उकळतील आणि तुमच्याकडे पुरणपोळी. युनेस्कोच्या वारसा यादीत २०२४च्या डिसेंबरात चुनज्ये गेलं आणि २०२५च्या डिसेंबरात आपली दीपावली. हे शाळेत सांगायला तिला आवडेल. मात्र सगळं "म्हणजे आपल्या दिवाळीसारखंच" म्हणून उरकू नका. वर्षाच्या दुसऱ्या दिवशी लेकी माहेरी येतात हे ऐकून भाऊबीज आठवते, ठीक आहे. पण शेवटच्या रात्री आई-वडिलांच्या दीर्घायुष्यासाठी मुलांनी जागायचं, टीव्हीवर १९८३पासून चालत आलेला तो लांबलचक कार्यक्रम अर्धवट डोळ्यांनी बघायचा, मोठ्यांनी पत्ते नाहीतर माहजोंग खेळायचं, हे त्यांचं त्यांचं आहे. त्याला आपल्या खुंटीवर टांगायची गरज नाही.

माझा कौल द्यायचा तर: जा. पण एका अटीवर. परत बोलावणार असाल तरच जा. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, रविवारी. त्या दिवशी हॉटेलचा हॉल नको. तुमच्या घरी नाईनाई, तिचा मुलगा, सून, नात. पाट, रांगोळी, पूजा, आणि तुमच्या लेकीनं केलेल्या वाकड्या चकल्या. हे आमंत्रण १६ फेब्रुवारीच्या रात्री त्यांच्या टेबलावरच द्या, तारीख सांगून. तुम्ही नाईनाईचं मीठ खाल आणि ती तुमचं खाईल, मग हे कुणाच्या सणाचं "अनुभव घेणं" राहणार नाही, शेजार होईल. तुमच्यासारखी अनेक मराठी कुटुंबं सिंगापुरात, क्वालालंपुरात, व्हँकूव्हरमध्ये चिनी शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतात. त्यांच्याही पत्रांत बहुतेक वेळा गाडी इथेच अडते. घेतलेलं असतं, द्यायचं राहिलेलं असतं. आणि १६ तारखेला जाणं काही कारणानं जमलंच नाही, तर ३ मार्चला त्यांना पुरणपोळीला बोलवा. तेही चालेल. फक्त "पुढच्या वर्षी बघू" नको, कारखान्याची नोकरी आहे, पुढच्या वर्षी तुम्ही कुठे असाल कोण जाणे.

तर आता तो डबा. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालून देतात. तुम्ही हे विसरला नाहीत. वॉचमनला दिलेल्या त्या गोळ्यांची टोचणी होती म्हणून डबा पुढे ढकलत राहिलात, असं मला वाटतं. ११ फेब्रुवारीला तुमच्या भागात चुलीच्या देवाला निरोप देतात. तो वर जाऊन घरातलं सगळं बरं-वाईट सांगतो म्हणे, म्हणून जाताना त्याला चिकट गोड खायला घालतात, तोंडून चांगलंच निघावं म्हणून. संक्रांत नुकतीच झाली. सासूबाईंनी येताना तिळगूळ आणला असणारच. "गोड बोला" हे नाईनाईला समजावून सांगायला तुम्हाला भाषांतराच्या अ‍ॅपची गरजही पडणार नाही.

डबा घासा, तिळाची मऊ वडी भरा (लाडू नको, तिच्या दातांचा विचार करा), सासूबाईंना सोबत घ्या आणि एक जिना उतरा. एप्रिलमध्ये काय झालं तेही सांगून टाका. शाकाहाराची यादी तेव्हाच दाखवा. डबा दोन्ही हातांनी द्या. आणि नाईनाईनं तिथल्या तिथे तो पुन्हा भरून तुमच्या हातात ठेवला, तर आत काय होतं ते मला कळवा.